आपले ठोकताळे नेमके कुठे फसतात?

हौशी गणिती | सोमवार, रात्री १०.४०

शाळेतल्या शिक्षेवरच्या धाग्याला परवा कुलूप लागलं, म्हणून हा वेगळा काढतोय. तिथे एका शिक्षकांनी लिहिलं होतं की पोराचं कौतुक केलं की पुढच्या चाचणीत तो हमखास घसरतो आणि झापलं की सुधारतो. वर्षानुवर्षं डोळ्यांनी बघतोय. लोक त्यांच्या अंगावर धावून गेले. माझ्या मते त्यांनी पाहिलं ते शंभर टक्के खरं आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ खोटा आहे.

हाच वाद साठच्या दशकात इस्रायलच्या हवाई दलात झाला होता. डॅनियल काहनेमन तेव्हा तरुण मानसशास्त्रज्ञ. वैमानिकांच्या प्रशिक्षकांना ते समजावत होते की शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस चांगला शिकतो. एक मुरलेला प्रशिक्षक उठला आणि म्हणाला की आमचा अनुभव बरोब्बर उलटा आहे. कसरत छान जमली म्हणून पाठ थोपटली की पुढची बिघडते. बिघडली म्हणून खडसावलं की पुढची सुधारते.

काहनेमननी वाद घातला नाही. खडूने जमिनीवर एक खूण केली आणि प्रत्येकाला खुणेकडे पाठ करून दोन नाणी मागे फेकायला लावली. पहिलं नाणं ज्यांचं खुणेजवळ पडलं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. ज्यांचं पहिलं भरकटलं, त्यांचं दुसरं जवळ आलं. मधे कोणी कोणाला ओरडलं नव्हतं, कोणाची पाठही थोपटली नव्हती.

एका खेपेच्या कामगिरीत कसब असतं, तसा त्या दिवसाचा योगही असतो. फारच छान जमलं त्या दिवशी योग बहुधा आपल्या बाजूने होता. पुढच्या खेपेला तो तेवढा नसतो, म्हणून माणूस आपल्या नेहमीच्या पातळीकडे उतरतो. फार वाईट गेलं तर तसाच वर चढतो. मधल्या वेळात तुम्ही शाबासकी दिलीत, ओरडलात की बशीभर पोहे खायला दिलेत, याने त्यात काही फरक पडत नाही. पण ओरडणाऱ्याला दर वेळी ‘बघा, गुण आला’ असा पुरावा मिळत राहतो. त्या शिक्षकांना तो वर्षानुवर्षं मिळाला, यात त्यांचा काय दोष?

पुढे काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या जोडीने १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला आणि अशा फसगतींचा पायाच घातला. माणूस अंदाज बांधताना तीन ठोकताळे वापरतो, असं त्यांचं म्हणणं. जे ज्या साच्यासारखं दिसतं ते त्यातलंच मानायचं. जे पटकन आठवतं ते वारंवार घडतं असं धरायचं. आणि जो आकडा आधी कानावर पडला त्याच्या आसपासच घोटाळायचं. तिसऱ्यासाठी त्यांनी लोकांसमोर एक आकड्यांचं चाक फिरवलं. ते १० वर किंवा ६५ वरच थांबेल अशी आतून सोय केलेली होती. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? ज्यांच्यापुढे १० आलं त्यांच्या उत्तरांचा मध्य २५, ज्यांच्यापुढे ६५ आलं त्यांचा ४५. चाकाचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नाही हे समोर दिसत होतं, तरीही.

या सगळ्यावर मला एकच उतारा दिसतो. समोरची गोष्ट कितीही रंगतदार असो, आधी विचारायचं: अशा शंभरांपैकी किती? प्रमाण आधी, गोष्ट नंतर.

तुमच्या कामात ठोकताळा कुठे तारतो, कुठे बुडवतो ते लिहा. इंग्रजी नावांची यादी नको, ती कुठेही मिळते.


तिरपागडा | सोमवार, रात्री १०.५२

जागा धरून ठेवतो. पॉपकॉर्न लावलेत.


डॉक्टरीणबाई | सोमवार, रात्री ११.३५

‘शंभरांपैकी किती’ हा प्रश्न आमच्याकडे थेट माणसाच्या झोपेशी निगडित आहे, म्हणून लिहिते.

गर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १६० स्त्रीरोगतज्ज्ञांना एक प्रश्न घातला. स्तनाचा कर्करोग तपासणीला आलेल्या बायकांपैकी १ टक्क्याला असतो. असेल तर मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) ९० टक्के वेळा तो पकडते. नसतानाही ९ टक्के वेळा ‘आहे’ म्हणते. आता एका बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिला कर्करोग असण्याची शक्यता किती?

निम्म्याहून अधिक डॉक्टर ऐंशी-नव्वद टक्क्यांवर गेले. बरोबर उत्तर फक्त २१ टक्क्यांनी दिलं.

आता तेच माणसांत मोजा. हजार बायका. त्यांतल्या १० जणींना कर्करोग, त्यांतल्या ९ जणी सापडतात. उरल्या ९९०, त्यांतल्या साधारण ८९ जणींचा रिपोर्ट उगाचच पॉझिटिव्ह येतो. म्हणजे पॉझिटिव्ह एकूण ९८, त्यांत खऱ्या ९. दहात एक. टक्के सोडून असं डोकी मोजायला शिकवल्यावर त्याच डॉक्टरांपैकी ८७ टक्क्यांचं उत्तर बरोबर आलं.

यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते हे की डॉक्टरांची बुद्धी मधल्या वेळात वाढली नव्हती. प्रश्न ज्या भाषेत विचारला ती बदलली. मी स्वतः रिपोर्ट समजावताना कागदावर ठिपके काढते. दहा ठिपके काढले आणि त्यांतल्या एकाला गोल केला की समोरच्या बाईचा श्वास खाली बसतो, आणि पुढची तपासणी का करायची हेही कळतं. (‘म्हणजे काही नाही ना?’ असं मात्र नाही. दहात एक ही हजारात दहापेक्षा खूप मोठी गोष्ट आहे. पुढची तपासणी टाळू नका.)

शिक्षकांच्या उदाहरणाबद्दल: आमचा निम्मा नावलौकिक त्या नाण्यांवर उभा आहे. पाठदुखीवाला, सांधेदुखीवाला दुखणं टोकाला गेलं की दवाखान्याची पायरी चढतो. टोकाला गेलेलं दुखणं पुढच्या आठवड्यात बहुधा उतरणारच असतं. मग गोळीला गुण येतो, काढ्याला येतो, अंगाऱ्यालाही येतो. म्हणून तर औषधाची चाचणी घेताना औषध न दिलेला दुसरा गट लागतो.

तुमच्या दुसऱ्या ठोकताळ्याला मात्र मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पावसाळ्यात वॉर्ड डेंग्यूने भरलेला असताना नवा ताप आला की डॉक्टरच्या डोक्यात आधी डेंग्यू येतो. पटकन आठवलं म्हणून आलं, हे खरं. पण साथीच्या दिवसांत त्याचं प्रमाणही खरंच वाढलेलं असतं. आठवण आणि प्रमाण एकाच दिशेला असतात. घोळ होतो तो एकदा ‘डेंग्यू’ लिहिलं की पुढचं विचारायचं राहून जातं तेव्हा. गुडघाभर पाण्यातून चालत आला होता का, पायाला जखम होती का, हे विचारलं नाही तर लेप्टो (साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे होणारा लेप्टोस्पायरोसिस) निसटतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, तेव्हापासून हा प्रश्न तरी शहरातल्या डॉक्टरांच्या तोंडी बसलाय.


तिरपागडा | सोमवार, रात्री ११.४१

म्हणजे १६० पैकी शंभरावर स्पेशालिस्टांना त्रैराशिक येत नव्हतं आणि फी मात्र आपण टक्क्यांत मोजत नाही.


डॉक्टरीणबाई | सोमवार, रात्री ११.४८

@तिरपागडा, तुम्ही स्वतः आधी काय उत्तर काढलं होतं, ते पॉपकॉर्न बाजूला ठेवून सांगा.


तिरपागडा | सोमवार, रात्री ११.५०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)


निफाडकर | मंगळवार, सकाळी ६.१५

धागा आवडला, पण ‘प्रमाण आधी’ वर माझी तक्रार आहे.

उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर मांडवात, जातो. तिथून दिवाळीपर्यंत रोज एकच प्रश्न: आज काढायचा की थांबायचं? गावात प्रत्येकाच्या डोक्यात एक आकडा बसलेला असतो. बहुतेकदा मागच्या एखाद्या वर्षी मिळालेला सगळ्यात वरचा भाव. पारावर बसून कोणालाही विचारा, त्याच्या खाली विकला की ‘तोट्यात दिला’ म्हणतो, मग खर्च निघून चार पैसे सुटलेले असोत. तुमचं चाक आमच्याकडे लासलगावच्या बाजार समितीत फिरतं, एवढं कबूल. दुसरं असं, की चाळीत वजन घटतं, सड लागते, कोंब येतात, पण ते रोज थोडं थोडं होतं. त्याची कुठे नोंद नाही. भाव शंभराने पडला की मोबाइल वाजतो. म्हणून थांबण्याचा खर्च कोणी धरतच नाही.

आता दुसरी बाजू. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. लिलाव बंद पडले. धास्तीने ज्यांनी चाळी रिकाम्या केल्या, त्यांना ऑक्टोबरअखेरच्या तेजीने वेड्यात काढलं. ती तेजी बघून ज्यांनी पुढच्या हंगामाच्या लाल कांद्यावर मनसुबे बांधले, त्यांना ८ डिसेंबरच्या निर्यातबंदीने गाठलं. बंदी उठली मे २०२४ मध्ये. आता यातला शहाणा कोण आणि ठोकताळ्याला फसलेला कोण? भाव कळल्यावर सगळेच सांगतात. शंभरांपैकी किती वेळा सरकार मध्यरात्री अधिसूचना काढतं, याचं प्रमाण मला कोण देणार? तुमचे प्रयोग चांगले आहेत, पण त्यांत चाक फिरत असताना कोणी उठून चाकावरचे आकडे बदलत नाही.

आणि शेतकरी बुडाला की ‘त्याची निर्णयक्षमता’ यावर शिबिरं होतात. धोरणाच्या निर्णयक्षमतेवर झालेलं शिबिर मी पाहिलेलं नाही.


काठावरचा | मंगळवार, सकाळी ८.२०

निफाडकर, शेवटच्या परिच्छेदाला टाळ्या.


हौशी गणिती | मंगळवार, सकाळी ९.०५

@निफाडकर, ‘भाव कळल्यावर सगळेच सांगतात’ या वाक्यावर बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाचं आख्खं काम उभं आहे. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला आणि सोव्हिएत संघाला जायच्या आधी फिशहॉफने लोकांना विचारलं की दौऱ्यात काय काय घडेल, प्रत्येकाची शक्यता सांगा. दौरे झाल्यावर त्याच लोकांना विचारलं की तुम्ही तेव्हा काय आकडा सांगितला होता, आठवून सांगा. जे घडलं होतं त्याची शक्यता आपण मुळातच जास्त दिली होती, असं त्यांना आठवायला लागलं. ते खोटं बोलत नव्हते. निकाल कळला की जुनी आठवणच निकालाच्या मापाची शिवली जाते.

म्हणून निर्णयाचा हिशोब निर्णयाच्या दिवशीच लिहून ठेवायला हवा: आज काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि का थांबतोय. नंतर भाव पडला तर निदान एवढं ठरवता येतं की विचार चुकला की फक्त निकाल उलटा गेला.

सरकारी अधिसूचनेचं प्रमाण नाही, हे मान्य. पण चाळीतल्या घटीचं आहे ना? ते तर तुमच्याच ताब्यात आहे.


निफाडकर | मंगळवार, दुपारी १.३०

घटीचं लिहून ठेवणारे आहेत, आमच्यात दोघंतिघं करतात. दर पंधरवड्याला ठराविक क्रेट्या वजन करून बघायच्या, गेलेलं वजन गुणिले आजचा भाव, म्हणजे थांबायचं भाडं किती पडलं ते कळतं. त्या माणसांचा विकायचा दिवस पारावरच्यांपेक्षा वेगळा येतो हे खरं. टप्प्याटप्प्याने काढतात, एकदम कधीच नाही. पण नफा जास्त होतो का, हे मी छातीठोक सांगणार नाही.


आकडेमोड | मंगळवार, दुपारी ३.१०

तुम्ही दोघं ज्यावर भांडताय त्यावर एक नामी भांडण आधी होऊन गेलंय. काहनेमन आणि गॅरी क्लाइन. क्लाइनने आयुष्य घालवलं ते अग्निशमन दलातल्या जुन्या माणसांचा अभ्यास करण्यात. ही माणसं जळत्या घरात पाऊल टाकताच ‘इथून बाहेर पडा’ म्हणतात, कारण नंतर कधीतरी सुचतं. त्याच्या दृष्टीने अंतःप्रेरणा सोन्याच्या मोलाची. काहनेमनच्या दृष्टीने तीच फसवी. दोघांनी काही वर्षं एकत्र काम केलं आणि २००९ साली मिळून एक निबंध लिहिला. निष्कर्ष असा की वाद मुळी उरतच नाही, दोन गोष्टी तपासल्या की पुरे. एक, त्या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसणारी काही शिस्त आहे का. दोन, चूक झाली की ती लवकर आणि स्पष्ट कळते का. आग, बुद्धिबळ, भूल देणं: दोन्ही आहेत. तिथे जुन्या माणसाचा ठोकताळा ऐकावा. शेअर निवडणं, दूरचं राजकीय भाकीत: दोन्ही नाहीत, आणि तिथे तीस वर्षांचा अनुभव म्हणजे फक्त तीस वर्षांचा आत्मविश्वास.

गंमत म्हणजे आत्मविश्वास दोन्हीकडे सारखाच वाटतो. आतून फरक कळत नाही. म्हणून माणसाकडे न बघता क्षेत्राकडे बघायचं. या मापाने कांद्यात घट पहिल्या खणात जाते, भाव दुसऱ्या. निफाडकर आणि धागाकर्ते दोघांचं बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या खणांबद्दल.


काठावरचा | मंगळवार, सायंकाळी ५.४५

क्रिकेटचं कोणी काढलं नाही म्हणून मी. उंच उडालेला झेल घेताना क्षेत्ररक्षक काय करतो? वेग, कोन, वारा, चेंडूची फिरकी यांचं गणित मांडतो का? नाही. गिगेरेन्झरनेच (डॉक्टरीणबाईंचा तोच) यावर भरपूर लिहिलंय. चेंडू हवेत उंच असताना नजर त्याच्यावर खिळवायची, धावायला लागायचं, आणि आपला वेग असा ठेवायचा की नजरेचा कोन बदलता कामा नये. बस्स. चेंडू कुठे पडणार हे माहीत नसतानाही माणूस तिथे जाऊन पोचतो. बाकी सगळी माहिती टाकून दिली म्हणूनच जमतं.

१५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीत उतरवलं, तेव्हा मागे वळून विमानतळ गाठता येईल का, हे वैमानिकांनी असंच ठरवलं. काचेतून दिसणारं ठिकाण वर सरकत चाललं असेल तर आपण तिथवर पोचत नाही. १५५ माणसं जगली. तर ‘ठोकताळा म्हणजे आळशी डोक्याची चोरवाट’ हा जो सूर आजकाल व्हॉट्सअ‍ॅपवर दिसतो तो मला मान्य नाही. थोडक्यात जमणारं थोडक्यात करणं ही हुशारीच.

अवांतर: फलंदाजाचा ‘फॉर्म’ हा भ्रम असतो असं १९८५ साली बास्केटबॉलच्या आकड्यांवरून ट्वर्स्की आणि मंडळींनी सांगितलं होतं. तीस वर्षं सगळे शहाणे खेळाडूंना हसले. मग २०१८ मध्ये मिलर आणि सानहुर्हो या दोघांनी दाखवलं की मोजण्याच्या पद्धतीतच एक बारीक खोट होती. ती काढली की त्याच आकड्यांत फॉर्म दिसतो. कोच लोकांनी पार्टी केली असेल.


शंकेखोर | मंगळवार, रात्री ९.३०

अखेर कोणीतरी विषय काढला. या क्षेत्राची निम्मी प्रसिद्धी कच्च्या प्रयोगांवर आहे हेही लिहा की.

इस्रायली न्यायाधीशांचा २०११ चा अभ्यास सगळ्यांना तोंडपाठ. जेवणाच्या सुट्टीनंतर पॅरोल मंजूर व्हायचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास, मग घसरत घसरत सुट्टीच्या आधी जवळजवळ शून्य. ‘भुकेला न्यायाधीश’ म्हणून व्याख्यानांत छान खपतो. त्याच वर्षी आक्षेप आला की प्रकरणांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरत नव्हता. वकील नसलेले कैदी सत्राच्या शेवटी येत, आणि वकील नसला की अर्ज तसाही जास्त फेटाळला जातो. म्हणजे भूक बाजूलाच.

तसंच ‘म्हातारपणाचे शब्द वाचले की माणूस हळू चालतो’ वगैरे. २०१२ साली पुन्हा करून पाहिलं तर टिकलं नाही. काहनेमननी आपल्या पुस्तकात या प्रकारच्या प्रयोगांवर भिस्त ठेवली होती. २०१७ मध्ये त्यांनी जाहीर लिहिलं की एवढ्या तुटपुंज्या नमुन्यांच्या अभ्यासांवर आपण नको तेवढा विश्वास टाकला. आणि विनोद असा की लहान नमुन्यावर भाबडा विश्वास ठेवण्याची संशोधकांची खोड पहिल्यांदा मांडली ती १९७१ साली ट्वर्स्की आणि काहनेमन यांनीच!

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एका पातेल्यात, एका आचेवर शिजलेला असतो. माणसं तशी शिजलेली नसतात. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या चाळीस पोरांवरून ‘मानवी मन’ सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.


हौशी गणिती | मंगळवार, रात्री १०.२०

@शंकेखोर, टीका योग्य, पण सगळं एका टोपलीत टाकू नका. २०१४ मध्ये जगभरातल्या ३६ ठिकाणी सहा हजारांवर लोकांवर जुने तेरा परिणाम पुन्हा तपासले. दहा टिकले. त्यांत पहिल्या आकड्याची ओढ जोरात टिकली, आणि तोच पर्याय ‘इतके वाचतील’ किंवा ‘इतके मरतील’ असा मांडला की निवड बदलते, हेही टिकलं. पडलं ते झेंडा दाखवून मतं बदलण्याचं आणि नोटा दाखवून स्वभाव बदलण्याचं. म्हणजे साधे, थेट प्रयोग राहिले. चमत्कार वाटावेत असे गेले.

आणि हो, ‘हे लोक स्वतःच फसले’ हा तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. ज्यांनी खोड शोधली त्यांचीही ती माहितीने गेली नाही. मग नावं पाठ करून तुमची-माझी कशी जाणार? म्हणून मी पहिल्या पोस्टमध्ये आधी प्रमाण विचारायची सवय सुचवली, नावांची यादी मागितली नाही.


चर्चगेटची लोकल | बुधवार, सकाळी ८.५५

रोजच्या प्रवासात शेजारच्या सीटवर दिसतं ते लिहिते. समोरच्या मोबाइलवर लाल-हिरव्या मेणबत्त्या (भावाचे आलेख) आणि ऑप्शनचे सौदे, म्हणजे पुढच्या भावावर लावलेले करार. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. सरासरी तोटा माणशी साधारण दोन लाख, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. हे धागाकर्त्यांचं ‘शंभरांपैकी किती’, सरकारी शिक्क्यानिशी. सौदा टाकायच्या आधी अशी धोक्याची सूचना ब्रोकरच्या अ‍ॅपवर दाखवावीच लागते. लोक ‘समजलं’ वर अंगठा दाबून पुढे जातात.

म्हणजे प्रमाण समोर ठेवून काही होत नाही, कारण प्रत्येकजण स्वतःला उरलेल्या सातांत धरतो. माझा ऑफिसातला मित्र शांतपणे म्हणाला, ९३ टक्के हरतात म्हणजेच ७ टक्क्यांना पैसा कुठून येतो ते कळलं.

साध्या शेअरांतही तेच. नफ्यातला लगेच विकायचा, ‘हातात आलेला बरा’. तोट्यातला सांभाळायचा, ‘विकला तर तोटा खरा होईल’. टेरन्स ओडीन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या एका ब्रोकरची दहा हजार खाती तपासली, १९९८ साली छापलं. लोकांनी विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षभरात, जपून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी सरस ठरले. बरोब्बर उलटं विकत होते. कारण खरेदीचा भाव हा त्यांच्या डोक्यातला लासलगावचा आकडा. कंपनीला काय माहीत तुम्ही तिला कितीला घेतलंत!


निफाडकर | बुधवार, दुपारी १२.४०

वा, आमच्या गावचं नाव थेट दलाल स्ट्रीटवर. :)


भरतीवाला | बुधवार, दुपारी २.१५

माझं काम मुलाखती घेणं, म्हणून थोडं लांबण लावतो. दोन मिनिटांत माणूस आवडतो आणि उरलेली अठ्ठावीस मिनिटं आपण त्याची कारणं गोळा करतो, हे या धंद्यातलं उघड गुपित. ‘आपल्यातला वाटला’ हे त्याचं सभ्य नाव, आणि आपल्यातला म्हणजे आडनाव, कॉलेज, बोलण्याचा हेल. इथून पुढचं सगळ्यांना समजतं, मी लिहीत नाही.

यावर तोडगा काहनेमननीच १९५५ च्या सुमारास, वयाच्या एकविसाव्या वर्षी, इस्रायलच्या सैन्यासाठी काढला होता. मुलाखतकाराने एकूण छाप सांगायची नाही. सहा गुण आधी ठरवायचे, प्रत्येकासाठी ठराविक प्रश्न, एकाला गुण देऊन झाल्यावरच दुसऱ्याकडे जायचं. मुलाखत घेणारी तरुण पोरं चिडली: आम्हाला यंत्र बनवताय. मग त्यांनी सूट दिली की सहाही गुण देऊन झाले की डोळे मिटा, हा सैनिक म्हणून कसा निघेल ते कल्पनेत बघा आणि एक आकडा द्या. पुढे पडताळलं तेव्हा सहा गुणांची बेरीज जुन्या मुलाखतीपेक्षा बरीच उपयोगी ठरली, आणि तो डोळे मिटून दिलेला आकडाही बेरजेइतकाच चांगला निघाला.

म्हणजे अंतःप्रेरणा हाकलायची नाही, तिला रांगेत शेवटी उभं करायचं. आमच्याकडे ही पद्धत आणली, तेव्हा सगळ्यात जास्त विरोध सगळ्यात अनुभवी लोकांनी केला. अजून करतात.


आकडेमोड | बुधवार, दुपारी २.४०

भरतीवाला, +१. शेवटी उभं करणं हे फार नेमकं.


नाइलाजाने सचिव | बुधवार, रात्री ९.५०

मला सरळ उपयोगाचं सांगा. आमच्या सोसायटीचा पुनर्विकास निघालाय. सादरीकरणात तीन वर्षांत ताबा असं छान रंगीत चित्र आहे. येत्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा. या धाग्यातलं मी तिथे काय नेऊ?


हौशी गणिती | बुधवार, रात्री १०.३०

चित्र बाजूला ठेवा. तुमच्या वॉर्डात गेल्या दहा वर्षांत पुनर्विकासाला गेलेल्या दहा-पंधरा सोसायट्या काढा. प्रत्येकीची तीनच उत्तरं: करारात किती महिने, ताबा प्रत्यक्षात कधी, बिल्डरकडून मिळणारं भाडं मधे थांबलं का. ज्या अर्धवट पडल्यात त्या वगळू नका. त्यांच्याकडे मिठाई वाटणारं कोणी नसतं म्हणून त्याच आधी विसरल्या जातात.

काहनेमन स्वतः एका पाठ्यपुस्तकाच्या समितीत होते. सगळ्यांनी मिळून अंदाज केला, साधारण दोन वर्षं. मग समितीतल्याच अभ्यासक्रमतज्ज्ञाला विचारलं की तुम्ही पाहिलेल्या इतर समित्यांना किती लागली? तो गडबडला. म्हणाला, चाळीसेक टक्के समित्यांचं काम कधी पुरंच झालं नाही. ज्यांचं झालं त्यांना सात ते दहा वर्षं. स्वतःचा अंदाज देताना हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि सगळ्यांनी ऐकूनही काम तसंच पुढे रेटलं. आठ वर्षं लागली.


सिडनीकर | गुरुवार, पहाटे ४.२०

आमच्याकडचं ऑपेरा हाउस: अंदाज ७० लाख डॉलर आणि जानेवारी १९६३. प्रत्यक्षात १० कोटी २० लाख आणि ऑक्टोबर १९७३. आता त्यासमोर फोटो काढताना हे कोणाला आठवत नाही.


काठावरचा | गुरुवार, सकाळी ८.१०

इतक्या लांब कशाला? वांद्रे-वरळी सागरी सेतूची पायाभरणी १९९९ ला, पाच वर्षांत व्हायचा होता. ३० जून २००९ ला उघडला, तोही तेव्हा अर्ध्या मार्गिकांनिशी.


आकडेमोड | गुरुवार, सकाळी ९.२५

@नाइलाजाने सचिव, अजून एक, क्लाइनचीच युक्ती. मतदानाआधी प्रत्येकाला कोरा कागद द्या. सांगा: आज पाच वर्षांनंतरचा दिवस आहे, प्रकल्प पार बोंबललेला आहे, झालेलं आहे ते झालंय. कशाने बोंबलला ते पाच मिनिटांत लिहा. ‘काय चुकू शकेल?’ विचारलं की लोक सभ्यपणे गप्प बसतात, विरोधक ठरायला नको म्हणून. ‘चुकलंच आहे’ म्हटलं की शंका काढणं हेच काम होतं. नाव लिहायचं नाही, हे महत्त्वाचं.


नाइलाजाने सचिव | गुरुवार, सकाळी ९.४०

सोसायट्यांची यादी करायला घेतली. आजूबाजूच्या आठ तरी सापडतील. कोऱ्या कागदाचं अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, ‘शुभकार्यात अपशकुन कशाला?’


तिरपागडा | गुरुवार, सकाळी ९.४२

अध्यक्षांना सांगा, कागदाला हळदकुंकू लावून देऊ.


डॉक्टरीणबाई | गुरुवार, दुपारी २.०५

सचिव, तीन वर्षं हा आकडा सभेत सगळ्यात आधी कोणाच्या तोंडून येणार? बिल्डरच्या सादरीकरणाआधी तुमची यादी वाचली जाईल असं विषयपत्रिकेत बघा. नंतर वाचलीत तर लोक तीनवरून फार तर चारवर येतील.


नाइलाजाने सचिव | गुरुवार, दुपारी २.३०

विषयपत्रिका मीच काढतो. :) यादी दुसऱ्या क्रमांकावर टाकतोय, मागील सभेचं इतिवृत्त वाचून झाल्याबरोबर.